शरीरातील घटिकापात्र आणि स्त्रियांचा कर्करोग

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यातील व्याख्यान म्हटले की शिक्षण, हुंडा, वसतिगृहाचा निधी, नाहीतर व्यापारउदीम यांपैकीच एखादा विषय असावयाचा, असा आजवरचा परिपाठ आहे. यंदा चिटणीसांनी आम्हांस आरोग्यावर बोलावयास सांगितले. आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांनी मोठ्या संकोचाने विचारले, की सभेस बायकामाणसे असतील, तेव्हा स्तनाच्या कर्करोगावर उघड बोलणे कितपत बरे दिसेल? आमचे उत्तर असे, की सभेस स्त्रिया असतील म्हणूनच हा विषय घेतला आहे. आणि पुरुषही असतील म्हणून तर तो विशेषच घेतला आहे. भारतातील स्त्रियांना होणाऱ्या सर्व कर्करोगांत आज या रोगाचा क्रम पहिला लागतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. ज्या रोगाचे नाव घेण्यास घर लाजते, त्याचे निदान उशिरा होते, आणि उशिराचे निदान म्हणजे काय हे येथे बसलेल्या काही कुटुंबांस आम्ही सांगावयास नको.

आम्ही वैद्य नव्हे. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकविले, येवढाच आमचा अधिकार. म्हणून औषधोपचार न सांगता, ज्या एका शोधाने गेल्या काही दशकांत या रोगाकडे पाहण्याची दृष्टी पालटली, त्याची हकीकत सांगावी असे योजिले आहे. हा शोध आहे आपल्या शरीरातील घड्याळाचा.

पूर्वी लग्नघटिका साधण्यासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाशी बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडीत. तेच घटिकापात्र. भोकातून पाणी आत येई, वाटी हळूहळू भरे, भरली की बुडे. चोवीस मिनिटांची एक घटिका झाली असे समजावे. मग ती वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडावयाची. या साधनात मौज अशी, की वाटीचे भरणे हेच तिच्या बुडण्याचे कारण. आपल्या देहातील पेशीपेशीत असेच एक पात्र भरते व बुडते. भेद इतकाच, की त्याची घटिका चोवीस मिनिटांची नसून सुमारे चोवीस तासांची असते.

चिंचेची पाने सायंकाळी मिटतात आणि सकाळी उमलतात, हे आपल्या जिल्ह्यात कोणी पाहिले नसेल असे नाही. ती सूर्य पाहून तसे करीत असावीत, हा आपला स्वाभाविक तर्क. १७२९ साली द मेराँ नावाच्या एका फ्रेंच ज्योतिर्विदाने लाजाळूच्या जातीचे एक झाड अंधारात ठेवून पाहिले, तो सूर्य दिसत नसतानाही पाने आपापल्या वेळी उघडत-मिटत राहिली. घड्याळ बाहेर नव्हते, आत होते. ते कोठे आहे व कशाचे आहे, हे कळावयास मात्र पुढे अडीचशे वर्षे जावी लागली. १९७१ मध्ये अमेरिकेतील कोनोप्का आणि बेन्झर या शास्त्रज्ञांना केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाशीत एक जनुक असे आढळले, की त्यात बिघाड झाला म्हणजे माशीचा दिवस लहान होतो, मोठा होतो किंवा मुळी उरतच नाही. त्या जनुकाचे नाव ‘पीरियड’. ते कसे चालते याची उकल केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसातही हेच जनुक आहे, आणि एक सोडून त्याची तीन भावंडे आहेत. त्यांच्या जोडीला क्रिप्टोक्रोम, क्लॉक आणि बीमाल अशी आणखी काही जनुके आहेत.

यांचा कारभार थोडक्यात असा. क्लॉक आणि बीमाल ही दोन जनुके जी प्रथिने बनवितात, ती मिळून पीरियड व क्रिप्टोक्रोम या जनुकांना जागे करतात. जागी झालेली ही जनुके आपापली प्रथिने बनवू लागतात. ती पेशीत साचत जातात आणि पुरेशी साचली, की पेशीच्या केंद्रात शिरून ज्यांनी आपणांस जागे केले त्यांचेच हात धरतात. पात्र भरले व बुडाले. मग साचलेले प्रथिन हळूहळू झिजून नाहीसे होते, धरलेले हात सुटतात आणि नवा फेरा सुरू होतो. यकृतात, हृदयात, त्वचेत, स्तनाच्या पेशींतही हा फेरा अहोरात्र चालू असतो. या असंख्य घड्याळांस एका वेळेवर आणणारे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींस ओलांडतात त्याच्या किंचित वर असते. ते सुमारे वीस हजार चेतापेशींचे आहे. डोळ्यांवाटे येणारा प्रकाश पाहून ते आपले काटे दररोज जुळवून घेते. आणि अंधार पडला, की त्याच्या आज्ञेने पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. रात्र झाल्याची दवंडी म्हणजे हे मेलॅटोनिन. मध्यरात्री डोळ्यांवर लख्ख दिवा असला, तर ही दवंडी क्षीण होते.

आता प्रस्तुत विषयाकडे येऊ. पेशीने केव्हा विभागावे, विभागण्यापूर्वी आपल्या जनुकांतील मोडतोड केव्हा दुरुस्त करावी, या कामांवर त्या घड्याळाची देखरेख असते. स्तनाच्या पेशींस वाढावयास लावणारे मुख्य संप्रेरक इस्ट्रोजेन. पीरियड जनुकांपैकी दुसऱ्याचे प्रथिन या इस्ट्रोजेनच्या ग्राहकास पकडून त्याचा निचरा करावयास साहाय्य करते, असे २००७ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. म्हणजे वाढीच्या घोड्यास लगाम घालणाऱ्यांत हे घड्याळ एक आहे. २००२ मध्ये हेच जनुक बिघडविलेल्या उंदरांवर किरणोत्सर्गाचा मारा केला, तेव्हा त्यांच्यात इतर उंदरांहून अधिक गाठी उद्भवल्या.

परंतु आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते २००५ साली तैवानात झालेले संशोधन. तेथील डॉक्टरांनी ५५ स्त्रियांच्या स्तनातील कर्कपेशी व त्यांच्याच शेजारच्या निरोगी पेशी ताडून पाहिल्या. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक कर्कपेशींत पीरियड जनुकांचा कारभार विस्कटलेला होता. शेजारच्या निरोगी पेशींत तसा नव्हता. आणि हा विस्कोट त्या जनुकांच्या अक्षरांत चूक झाल्यामुळे घडल्याचे दिसले नाही. अक्षरे जशीच्या तशी होती. त्यांवर एक रासायनिक कुलूप बसले असावे, असा त्यांचा निष्कर्ष. पोथी शाबूत, पण बासन गच्च बांधून ठेवलेले, असा हा प्रकार. हा बिघाड त्या बाईने आईकडून आणला नव्हता व ती तो मुलीस देणार नव्हती. तो त्या स्तनात, त्या गाठीत, हयातीत घडलेला होता. ही गोष्ट आपण कृपया ध्यानात ठेवावी. पुढे तिच्यावर आम्हांस काही मागावयाचे आहे.

येथे एका विदुषीचे स्मरण केल्यावाचून पुढे जाववत नाही. डॉ. कमल रणदिवे (पूर्वाश्रमीच्या समर्थ) या मूळच्या पुण्याच्या. जन्म १९१७. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. ही मात्र जीवशास्त्राकडे वळली. मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली तिने उंदरांच्या स्तनकर्करोगाचा अभ्यास आरंभिला आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. आनुवंशिकता, संप्रेरके आणि गाठीचा विषाणू हे एकत्र येऊन रोग कसा घडवितात, कोणतेही एक कारण पुरेसे कसे नसते, हा तिच्या शोधाचा गाभा. शरीराबाहेर पेशी वाढविण्याची भारतातील पहिली प्रयोगशाळा तिनेच उभारली. १९७३ मध्ये भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची संघटना स्थापन करण्यात तिचा पुढाकार होता, आणि १९८२ मध्ये तिला पद्मभूषण मिळाले. आपल्या जिल्ह्याचा तिच्याशी संबंध असा, की उत्तरायुष्यात ही बाई प्रयोगशाळा सोडून आपल्या अकोले तालुक्याच्या डोंगरकपारीत आली व आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करू लागली; खेड्यांतील स्त्रियांना आरोग्याचे चार शब्द सांगू लागली. २००१ मध्ये ती निवर्तली. घड्याळाच्या जनुकांचा कर्करोगाशी असलेला संबंध त्यानंतरच्या काळात उलगडला. पण ‘अनेक कारणे एकत्र आली म्हणजे रोग’ हे तिचे सूत्र या नव्या शोधासही चपखल लागू पडते.

घड्याळ बिघडते कशाने? १९८७ मध्ये रिचर्ड स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधकाने असा तर्क मांडला, की विजेच्या दिव्यांनी रात्र पुसून टाकली, त्यामुळे मेलॅटोनिन घटले आणि उद्योगप्रधान देशांत स्तनाचा कर्करोग वाढण्याचे हे एक कारण असावे. मग रात्रपाळी करणाऱ्या स्त्रियांच्या पाहण्या झाल्या. अमेरिकेतील परिचारिकांच्या पाहणीत, ज्यांनी तीस वा अधिक वर्षे आलटून पालटून रात्रपाळी केली त्यांच्यात हा रोग सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळला (२००१). या आकड्याने कोणी भिऊ नये. शंभरांतील छत्तीस जणींना रोग होतो, असा त्याचा अर्थ नव्हे. एरवी ठराविक संख्येतील स्त्रियांत जेथे शंभर जणींना होतो, तेथे एकशे छत्तीस जणींना झाला, येवढाच अर्थ. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीस ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले व २०१९ मध्ये पुनर्विचार करून तोच निवाडा कायम ठेवला. डेन्मार्कमध्ये तर वीस वर्षांहून अधिक रात्रपाळी केलेल्या काही रुग्ण स्त्रियांना नुकसानभरपाईही मिळाली. नेदरलँड्समध्ये या रोगाकडे मूळचाच कल असलेल्या उंदरांच्या दिवसरात्रीची दर आठवड्यास उलटापालट केली, तेव्हा त्यांच्या गाठी सुमारे आठ आठवडे आधी निघाल्या, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण दुसरी बाजू झाकून ठेवणे हे शिक्षकाच्या धंद्यास शोभत नाही. २०१६ मध्ये इंग्लंडातील अतिशय मोठ्या पाहण्यांवरून असा निष्कर्ष निघाला, की रात्रपाळीने स्तनाचा कर्करोग वाढतो असे दिसत नाही. तेव्हा उंदरात सिद्ध, पेशीत स्पष्ट, आणि माणसात वादग्रस्त, अशी आजची स्थिती आहे. ‘बहुधा’ हा शब्द त्या संस्थेने जपून योजिला आहे; आपणही तो तसाच जपून वापरावा.

आपल्या जिल्ह्यात रात्र जागविणाऱ्या स्त्रिया कोण? प्रवरानगरास १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमाने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून गळीत हंगामातील रातपाळी या जिल्ह्याच्या अंगवळणी पडली आहे. कारखान्यात बायका नसत, कारण १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सायंकाळी सातनंतर त्यांना तेथे मज्जाव होता. अलीकडच्या कायद्यांनी स्त्रीची संमती व सुरक्षिततेची सोय या अटींवर ती मुभा दिली आहे. परंतु पाथर्डी-शेवगावकडची जी बाई कोयत्याच्या जोडीने ऊस तोडावयास जाते, ती पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापते आणि अपरात्री गाडी भरू लागते, तिला कोणत्या अधिनियमाने विश्रांती दिली? शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे रात्रीच येत आल्यामुळे घरधन्यासोबत दारे धरावयास उभी राहणारी कुणबीण कोणत्या पाळीत मोजावयाची? इस्पितळांतील परिचारिकांचे तर नावच रात्रपाळीशी जोडलेले. आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुली आज लोणीस, नगरास, पुण्यास रुग्णालयांत व संगणकाच्या कचेऱ्यांत रात्रीच्या कामावर आहेत. त्यांच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली, हे येथील पुष्कळांस ठाऊक आहे.

आमचे हे बोलणे ऐकून घरी गेल्यावर कोणी ‘ऐकलेस ना, सोड ती नोकरी’ असे मुलीस म्हणेल, ही भीती आम्हांस आहे. तसे कोणी करू नये. रातपाळीने होणारा संभाव्य अपाय वर्षांनुवर्षांच्या सवयीचा आहे, आणि तो कमी करण्याचे मार्ग आहेत. सलग रात्री थोड्या ठेवाव्या. पाळ्या दर दोन-तीन दिवसांनी उलटसुलट फिरवू नयेत. आणि रात्रपाळी करून आलेल्या सुनेस सकाळी आठ वाजता चुलीपुढे उभी न करता खोली अंधारी करून निजू द्यावे. यातील पहिली दोन मालकांच्या हाती आहेत. तिसरे सर्वस्वी सासूबाईंच्या हाती आहे, आणि त्यास खर्च काही नाही. मेलॅटोनिनच्या गोळ्या मात्र जाहिरात वाचून आपल्या मनाने घेऊ नयेत.

आणखी एका शोधाचा उल्लेख करून शास्त्रभाग संपवू. स्वित्झर्लंडमध्ये २०२२ साली तीस रुग्ण स्त्रियांचे रक्त सकाळी दहा वाजता आणि पहाटे चार वाजता तपासले. मूळ गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींपैकी अठ्ठ्याहत्तर टक्के पहाटेच्या रक्तात सापडल्या. म्हणजे रोगही घड्याळ पाहून चालतो. झोप वाईट असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु तपासणीची व औषधाची वेळ कोणती असावी, हा प्रश्न त्यामुळे डॉक्टरांपुढे नव्याने उभा राहिला आहे.

आता जे मागावयाचे ते मागतो. दोन वर्षांपूर्वी आपल्यातील एका भगिनीच्या स्तनात गाठ आली. ती दुखत नव्हती. घरात थोरल्या मुलीचे लग्न ठरत होते. गाठीची वार्ता बाहेर गेली तर ‘आईस असा रोग, म्हणजे मुलीसही होणार’ असे म्हणून स्थळ मोडेल, या धास्तीने तिने आठ महिने कोणास काही सांगितले नाही. लग्न थाटात झाले, आणि पंधरा दिवसांनी ती इस्पितळात गेली. गाठ तोवर काखेपर्यंत पसरली होती. उपचार झाले, आज ती आपल्यात आहे. परंतु जे थोडक्यात भागले असते त्यासाठी तिला फार मोठी किंमत द्यावी लागली. तिच्या मनात ही धास्ती कोणी घातली? आमच्या मते ती आपण घातली. आपल्या वधूवर-नोंदणीच्या अर्जात ‘घराण्यात काही दुर्धर आजार असल्यास’ असा एक रकाना आहे. तो मुलाच्या अर्जातही आहे. पण मुलाकडे तो भरून मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या रकान्यास शास्त्राचा आधार किती? स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी साधारण पाच ते दहा जन्मतःच आलेल्या जनुकदोषाने होतात. १९९४ व १९९५ मध्ये सापडलेली ब्राका नावाची दोन जनुके त्यांत मुख्य होत. उरलेले नव्वदहून अधिक वयाने, संप्रेरकांनी, स्थूलतेने, मद्याने, आणि आज सांगितले त्या घड्याळाच्या विस्कोटासारख्या हयातीत घडणाऱ्या कारणांनी होतात. आणि ज्या मोजक्या घरांत तो दोष खरोखरच वंशातून येतो, तेथे तो बापाकडूनही तितकाच येतो. मुलीच्या आईची चौकशी करणाऱ्या वरपित्याने आपल्या आत्याची व आजीची चौकशी केली आहे काय? एका घरात दोघीतिघींना, विशेषतः ऐन तरुणपणी, हा रोग झाला असेल, तर त्या घरातील स्त्रियांनी तज्ज्ञाचा सल्ला घेऊन जनुकपरीक्षा करावी, लपवू नये. ते प्रकृतीच्या रक्षणासाठी करावयाचे. सोयरीक तोडण्यासाठी नव्हे. बाकी ‘घड्याळाची जनुके’ म्हणाल तर ती या मंडपातील प्रत्येकाच्या प्रत्येक पेशीत आहेत. त्यांचा कलंक मानावयाचा, तर अवघ्या मनुष्यजातीस रकाना भरावा लागेल.

लवकर निदानास यंत्रच लागते असेही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून तेथील गरीब वस्त्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांमध्ये एक पाहणी चालविली. निम्म्या जणींची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली. वीस वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. तिशीपुढील स्त्रियांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतही होते, आणि उपचारांचा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून बराच हलका होतो. न दुखणारी गाठ, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्ताळ पाणी येणे, कातडीस खळी पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास लग्न, सण, पेरणी, परीक्षा यांतील कशासाठीही न थांबता डॉक्टरांकडे जावे.

आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, पुढील मेळाव्याच्या दिवशी हळदीकुंकवाच्या दालनाशेजारी एक खोली स्त्री-डॉक्टरांसाठी राखून ठेवावी व तेथे येणाऱ्या भगिनींची नावे कोणी टिपून घेऊ नयेत. दुसरी, वधूवर-नोंदणीच्या अर्जातील तो रकाना रद्द करण्याचा ठराव आजच दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे यावा. सूचक म्हणून आम्ही सही केली आहे. अनुमोदनाची जागा कोरी आहे. ती एखाद्या मुलाच्या पित्याने भरावी, येवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.